मनाची रोजची निगा

मानसिक आजार नसला की मन निरोगी, असे म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत निरोगी मनाच्या खुणा वेगळ्या आहेत. आयुष्यातल्या ताणांना तोंड देता येणे, स्वतःच्या क्षमता वापरता येणे, शिकणे आणि काम करणे नीट जमणे, आणि आपल्या माणसांच्या उपयोगी पडता येणे. यातली शेवटची खूण बहुधा नजरेआड होते. मन ही ज्याची त्याची खासगी बाब मानली जाते आणि मग ते सांभाळण्याची जबाबदारीही त्या एकट्यावरच पडते. प्रत्यक्षात माणूस किती वाजता उठतो, दिवसभर काय करतो, कोणाशी बोलतो, अडचणीत कोणाचे दार वाजवतो, यांवर मनाची प्रकृती पुष्कळ अवलंबून असते. गेल्या दोन दशकांत गोव्यातल्या आरोग्य केंद्रांत आणि अमरावती-नाशिककडच्या गावांत झालेल्या कामाने ही गोष्ट आकड्यांनिशी दाखवून दिली आहे.

वाईट वाटणे, काळजी लागणे, चिडचिड होणे हा आजार नव्हे. परीक्षेआधी छाती धडधडते, घरातले माणूस गेल्यावर कित्येक महिने अन्न गोड लागत नाही, हातातोंडाशी आलेले पीक गेले की रात्र डोळ्यांत जाते. मन जागे असल्याचीच ही लक्षणे. हे किती दिवस चालले आणि त्याने आयुष्याचा किती भाग व्यापला, यावर पुढचे ठरते. सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, उदास वाटत असेल किंवा एरवी आवडणाऱ्या गोष्टींतही जीव लागत नसेल, आणि त्यापायी झोप, भूक, कामधंदा, घर यांची घडी विसकटली असेल, तर ते नैराश्य असू शकते. प्राथमिक चाचपणीसाठी दवाखान्यात जे दोन प्रश्न विचारले जातात, तेही एवढेच असतात. गेल्या दोन आठवड्यांत मन किती वेळा उदास होते आणि कशातच रस वाटत नाही असे किती वेळा झाले. हे प्रश्न घरातल्या कोणीही घरातल्या कोणालाही विचारावेत इतके साधे आहेत.

मराठी घरांत हे दुखणे ‘मी उदास आहे’ अशा शब्दांत क्वचितच बाहेर येते. अंग ठणकते, डोके जड राहते, हातापायांत बळ नाही, पोटात कालवाकालव होते, रात्री तीनला जाग येते ती येतेच, डोक्यात विचारांचे चक्र थांबत नाही, ‘टेन्शन’ आहे, अशा तक्रारी घेऊन माणूस गावच्या डॉक्टरकडे जातो. रक्त तपासले जाते, ताकदीचे इंजेक्शन किंवा सलाईन मिळते, दोन दिवस बरे वाटते आणि मूळ दुखणे जिथल्या तिथे राहते. पुरुषांच्या बाबतीत ते आणखी आडवळणाने येते, म्हणजे वाढलेल्या दारूतून, घरात होणाऱ्या आदळआपटीतून किंवा कामावर न जाण्यातून. लोक त्याला स्वभाव म्हणतात आणि सोडून देतात.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि नैराश्याच्या रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचलेच नव्हते. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही पुरता नाही, आणि जे आहेत ते बहुतेक शहरांत. उद्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या जागा दुप्पट केल्या, तरी गडचिरोलीतल्या किंवा गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर तज्ज्ञ पोचायला कित्येक वर्षे जातील. मग मधल्या काळात काय करायचे, हा प्रश्न गोव्यातल्या ‘संगाथ’ या संस्थेने धसास लावला. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९६ मध्ये सुरू केली.

‘संगाथ’ने तज्ज्ञांच्या कामाचे तुकडे केले. निदान आणि औषध डॉक्टरांकडे ठेवले. ऐकणे, समजावणे, आठवडाभराची आखणी करून देणे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा चौकशी करणे ही कामे मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवली. यातला मोठा प्रयोग ‘मानस’ या नावाने गोव्यातली सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि खासगी दवाखाने यांत झाला आणि २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सरकारी केंद्रांत समुपदेशकांच्या मदतीने बरे होणाऱ्यांचे प्रमाण स्पष्टपणे वाढले. खासगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही.

त्यापुढचा प्रयोग अधिक नेमका होता. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्य असलेले ४९५ प्रौढ त्यात सहभागी झाले. त्यांत स्त्रिया बहुसंख्य होत्या. निम्म्यांना नेहमीची सेवा मिळाली, निम्म्यांना तिच्या जोडीला सहा ते आठ भेटींचा एक कार्यक्रम. समुपदेशक होते किमान दहावी झालेले, स्थानिक भाषा सहज बोलणारे, काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेले लोक. तीन महिन्यांनी कार्यक्रम मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचे नैराश्य ओसरले होते, तर नेहमीच्या सेवेत ३९ टक्क्यांचे. कामावर न जाता वाया गेलेले दिवस घटले, आणि सहभागी स्त्रियांना नवऱ्याकडून होणारी मारहाणही कमी झाल्याचे नोंदले गेले. वर्षभरानंतर पाहिले तेव्हाही हा फायदा बऱ्याच अंशी टिकून होता. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात इतक्या कमी खर्चात इतका फरक पडल्याची उदाहरणे थोडी आहेत, आणि हे उदाहरण आपल्या दारात घडले याचा अभिमान वाटावा.

या भेटींत काय होते ते बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण रोजची निगा ज्याला म्हणायचे तिचा गाभा तिथे सापडतो. भेट अर्ध्या-पाऊण तासाची, आरोग्य केंद्रात किंवा घरी. सुरुवातीला नऊ प्रश्नांची एक यादी तोंडी विचारली जाते. झोप, भूक, थकवा, उदासी, लक्ष न लागणे, स्वतःबद्दल वाईट वाटणे, जगणे नकोसे वाटणे. गेल्या दोन आठवड्यांत हे किती दिवस झाले त्यानुसार प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. भेटीगणिक हा आकडा बदलताना रुग्णालाही दिसतो. ‘काहीच फरक नाही’ असे वाटत असताना एकवीसचे सोळा झालेले दिसले, तर त्याचा मोठा आधार होतो.

मग येतो दिवसाचा तक्ता. चाळिशीची एखादी गृहिणी डोळ्यांसमोर आणावी. नवरा बोटीवर, मुले शाळेत, ती सहा महिन्यांपासून कोणाकडे जात नाही. तिच्या तक्त्यात सकाळचे पाणी भरणे आणि डबे करणे एवढेच असते. नऊ ते चार हा पट्टा कोरा, त्यात फक्त ‘पडून होते’. समुपदेशक तिला प्रत्येक तासापुढे मन कसे होते त्याचा आकडा लिहायला सांगते. आठवड्याने दोघी मिळून कागद पाहतात. पडून राहिलेल्या तासांपुढचे आकडे सर्वांत खाली असतात. एका दुपारी भाजी आणायला गेल्यावर वाटेत शेजारीण भेटली, त्या तासापुढचा आकडा किंचित वर असतो. ‘उठलीस तर बरे वाटेल’ हे तिला शंभर जणांनी सांगितलेले असते, पण ते तिच्याच हातच्या कागदावर पहिल्यांदा दिसते. पुढच्या आठवड्यासाठी दोनच गोष्टी ठरतात. मंगळवारी बाजार, शुक्रवारी बहिणीला फोन. दिवस आणि वेळ ठरवून, न जमल्यास आड काय येऊ शकते याचाही विचार करून. त्या झाल्या की तिसरी.

यामागचा विचार जुना आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी १९७०च्या दशकात मांडले की, उदास माणूस हळूहळू कामे, माणसे आणि छंद सोडत जातो. त्यामुळे आनंद किंवा समाधान मिळण्याचे प्रसंगच कमी होतात. समाधान कमी झाले की उदासी वाढते आणि आणखी काही सुटते. हे चक्र तोडायचे तर मन होण्याची वाट पाहून चालत नाही. कृती आधी करावी लागते, मन तिच्यामागून येते. १९९६ मध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी विचार बदलण्यावर भर देणाऱ्या पूर्ण उपचाराशी केवळ कृती वाढवण्याच्या भागाची तुलना केली, तेव्हा हा भाग एकटाही तितकाच परिणामकारक ठरला. विचारांशी वाद घालण्याचे कौशल्य शिकवायला तज्ज्ञ लागतो. दिवस आखून द्यायला दहावी झालेली, मायेने चौकशी करणारी बाई पुरते.

नैराश्याची पायरी न गाठलेल्या माणसालाही हाच तक्ता उपयोगी आहे. त्यात तीन प्रकारच्या गोष्टी असाव्यात. जी केल्याने हातून काही झाल्यासारखे वाटते, जी केल्याने आनंद होतो, आणि जिच्यात दुसरे माणूस आहे. कपाट आवरणे, बिल भरणे, रखडलेला अर्ज देऊन येणे या पहिल्या प्रकारच्या कामांना लोक कमी लेखतात. पण डोक्यावर महिनाभर लटकत असलेले एक काम संपले, तर मिळणारा मोकळेपणा मोठा असतो. गोष्ट जितकी लहान आणि ठरलेल्या वेळेची, तितकी ती होण्याची शक्यता जास्त. ‘उद्यापासून रोज तासभर व्यायाम’ या संकल्पापेक्षा ‘जेवणानंतर कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत’ हा बेत टिकतो.

झोपेला यात पहिला मान द्यायला हवा. शरीराचे घड्याळ सकाळच्या उजेडावर लागते. म्हणून झोपण्याच्या वेळेपेक्षा उठण्याची वेळ सांभाळणे सोपे आणि अधिक गुणकारी. रोज एकाच वेळी उठावे, सुट्टीच्या दिवशीही, आणि पहिल्या तासाभरात अंगणात, गच्चीत किंवा रस्त्यावर उजेडात यावे. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते. संध्याकाळी पाचला घेतलेल्या चहातले निम्मे कॅफीन रात्री दहापर्यंत अंगात असते, हे झोप न येणाऱ्याने लक्षात ठेवावे. बिछान्यात अर्धा तास तळमळ झाली तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसावे आणि डोळे जड झाल्यावरच परतावे. जागेपणी लोळत राहिले, तर बिछान्याची आणि काळजीची सांगड पक्की होते. दारूने झोप लागते खरी, पण ती मध्यरात्रीनंतर तुटक होते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली जाते. दारू हे झोपेचे औषध आहे, हा गैरसमज फार घरांना महागात पडला आहे.

हालचालीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाच्या हालचालीची आहे. झपझप चालणे, सायकल, पोहणे, शेतातले काम, सगळे त्यात मोजले जाते. सौम्य आणि मध्यम नैराश्यात नियमित हालचालीने लक्षणे कमी होतात, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. मन फार घाबरे झाले तर श्वास सावकाश सोडण्याकडे लक्ष द्यावे. घेण्यापेक्षा सोडण्याला जास्त वेळ दिला की हृदयाचे ठोके उतरतात. काळजीला दिवसातली ठरावीक वेळ नेमून देणे हा आणखी एक उपाय. संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटे वहीत सगळ्या चिंता लिहाव्यात, ज्यावर उद्या काही करता येईल तिच्यापुढे ते लिहावे, आणि एरवी विचार आला तर ‘संध्याकाळी’ म्हणून बाजूला ठेवावा.

पण हे सगळे एकट्याने करायचे म्हटले की गाडी अडते. ज्याला अंथरुणातून उठवत नाही, त्यालाच उठण्याची आखणी करायला सांगण्यात एक क्रूरपणा आहे, आणि स्वतःची काळजी घ्या असा नुसता उपदेश करणारे लिखाण तो नकळत करत असते. गोव्यातला तक्ता चालला, कारण पुढच्या आठवड्यात तो कागद पाहायला कोणीतरी येणार होते. संशोधक ज्युलियान होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यासांचा, तीन लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचा एकत्र आढावा घेतला. ज्यांचे नातेसंबंध भक्कम होते त्यांची त्या अभ्यासांच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त होती. एकटेपणाचा परिणाम सिगारेटसारख्या धोक्यांच्या पंगतीत बसतो.

अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला तो शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या भागात. गावातल्याच कार्यकर्त्या घरोघर जात, बचत गटांत आणि चावडीवर बोलत, ताण कसा ओळखायचा ते सांगत. ज्याला गरज असेल त्याच्याशी प्रशिक्षित समुपदेशक बोलत, आणि त्याहून जास्त गरज असेल त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले जाई. कार्यक्रमाआधी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोकांनी कुठे ना कुठे मदत मागितली होती. दीड वर्षाने हे प्रमाण २७.२ टक्के झाले. तज्ज्ञांची फौज तिथे उतरली नव्हती. या दुखण्याला इलाज आहे आणि त्याबद्दल बोलण्यात कमीपणा नाही, हे ओळखीच्या तोंडून ऐकायला मिळाले, एवढे अनेकांना पुरले.

नाशिक जिल्ह्याच्या पेठ तालुक्यात पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातील मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने ‘आत्मीयता’ हा प्रकल्प चालवला, पुढे तो गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर गेला. गावात ज्यांच्याकडे लोक आपणहून मन मोकळे करायला जातात, अशा स्त्रीपुरुषांना निवडून त्यांना ऐकण्याचे आणि आखणी करून देण्याचे शिक्षण दिले गेले. दारू, घरातली मारहाण, बेकारी अशा विषयांवरच्या छोट्या फिल्म ते मोबाइलवर दाखवत, त्यावरून बोलणे निघे. या प्रकल्पातली सर्वांत शहाणी गोष्ट वेगळीच होती. हेच स्वयंसेवक लोकांना सरकारी योजनांचे लाभ मिळवून द्यायलाही मदत करत. निराधार पेन्शन अडकलेल्या विधवेला दीर्घ श्वास शिकवून भागत नाही. तिच्या झोपेचा रस्ता तहसील कचेरीतून जातो, आणि तिच्याबरोबर तिथे जाणे हेही मानसिक आरोग्याचेच काम आहे.

महाराष्ट्रात अशा कामाला लागणारी बैठक बरीचशी तयार आहे. महिन्याला ठरलेल्या दिवशी जमणारा बचत गट, गुरुवारचे भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघाचा कट्टा, सकाळचा हास्यक्लब. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईच्या लोखंडवाला भागातल्या बागेत पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला आणि तो जगभर पसरला. तिथे येणाऱ्यांना हसण्याइतकीच रोज कोणीतरी वाट पाहत असल्याची गरज होती. एकत्र गाण्याने अनोळखी माणसांतही जवळीक लवकर जुळते, असे प्रयोगांत आढळले आहे. भजनी मंडळाला ते सांगायची गरज नाही. चार दिवस पेटीवाला आला नाही तर चौकशीला माणूस जातो, ही त्या मंडळाची खरी ताकद.

पण समाज नेहमी आधारच देतो, असे समजणे चूक आहे. ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य जितक्यांना उपचारांपासून लांब ठेवते तितक्यांना अंतर किंवा पैसाही क्वचित ठेवत असेल. जातीमुळे बाहेर ठेवलेल्याला, मूल नसलेल्या सुनेला, घटस्फोटितेला त्याच मंडळात टोमणे खावे लागतात. हळदीकुंकवाने बायकांना घराबाहेर पडायला निमित्त दिले, आणि त्याच समारंभाने विधवेला नेमकी तिच्या सर्वांत एकाकी काळात दाराबाहेर ठेवले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे यांसारख्या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. हा ठराव सामाजिक सुधारणेच्या खात्यात मांडला जातो. त्याला मानसिक आरोग्याच्या खात्यातही तितकीच जागा आहे.

शेजारी, मित्र, भावंडे यांना समुपदेशक व्हायचे नसते. त्यांचे काम ऐकण्याचे, आणि ते शिकता येते. ‘मन घट्ट कर’, ‘तुला काय कमी आहे’, ‘आमच्या वेळी असले काही नव्हते’ ही वाक्ये मायेनेच बोलली जातात, पण ऐकणाऱ्याच्या कानी एवढेच पडते की आपले म्हणणे इथे नको आहे. त्याऐवजी दिसलेली गोष्ट सांगावी. ‘तू दोन महिने तालमीला आला नाहीस’, ‘ताई, हल्ली जेवत नाहीस’. मग थांबावे. उत्तर यायला वेळ लागतो. उपाय सुचवण्याची घाई आवरावी, ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगून ‘असेच ना?’ विचारावे, आणि शेवटी ठोस काहीतरी देऊ करावे. ‘काही लागले तर सांग’ म्हटल्यावर कोणी सांगत नाही. ‘शनिवारी सकाळी सातला येतो, तळ्यापर्यंत जाऊन येऊ’ म्हटले की निम्मे काम होते. ऐकलेले चारचौघांत जाता कामा नये. एकदा विश्वास तुटला की ते माणूस पुन्हा तोंड उघडत नाही.

आजारी माणसाला सांभाळणाऱ्याची निगा सर्वांत जास्त दुर्लक्षित असते. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या आर्थिक पाठबळावर ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तिथे व्यसनी पुरुषांइतकेच त्यांच्या बायकांकडे लक्ष दिले गेले. त्यांच्यासाठी ‘सहचरी’ गट उभा राहिला. नवऱ्याच्या पिण्याला आपणच जबाबदार, असे वर्षानुवर्षे ऐकत आलेली बाई तिथे आपल्यासारख्याच दहा जणींना भेटते तेव्हा अपराधाचे ओझे पहिल्यांदा हलते. कॅनडात कॅलगरीला स्थायिक झालेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. कुटुंबाच्या वाट्याला काय येते ते जाणून त्यांनी १९९७च्या सुमारास पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, आणि सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या याच आजारावरच्या ‘देवराई’ (२००४) या चित्रपटामागेही त्यांचा पुढाकार होता. पालक, भावंडे, जोडीदार यांचे स्वमदत गट अशा संस्थांतून चालतात. रुग्णाशी कसे बोलायचे, गोळ्या नाकारल्या तर काय करायचे, स्वतः एक दिवस विश्रांती कशी घ्यायची, हे अनुभवी पालकाइतके नेमके कोणी सांगू शकत नाही.

घरची निगा कुठे अपुरी पडते, हेही माहीत असले पाहिजे. दोन-तीन आठवडे प्रयत्न करूनही फरक नाही, अन्नपाणी सुटले आहे, नसलेले आवाज ऐकू येतात, टोकाचा संशय येतो, कित्येक रात्री झोप नसूनही अंगात विलक्षण जोर आहे, बाळंतपणानंतर आईला बाळाकडे पाहवत नाही, व्यसन हाताबाहेर गेले आहे, अशा वेळी डॉक्टर हवा. मरणाचे बोलणे कधीही हसण्यावारी नेऊ नये. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यांतल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या होत्या, कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. नोंदलेल्या कारणांत कौटुंबिक अडचणी आणि आजारपण सर्वांत वर होते. मनात जीव देण्याचा विचार येतो का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार रुजत नाही, उलट सांगायला वाट मिळते. होकार आला तर त्या माणसाला एकटे सोडू नये, शेतीची औषधे कुलपात किंवा घराबाहेर ठेवावीत आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

मदत कुठे मिळते याची माहिती अजून घरोघर पोचलेली नाही. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात तपासणी आणि औषधे मिळतात. ठाणे, पुण्यातले येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी सेवेतून उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षा करू नये, अशी तरतूद केली. आरोग्य विम्यात शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही संरक्षण देणे कंपन्यांवर बंधनकारक झाले. पोलिसांच्या भीतीने रुग्णाला दवाखान्यात न नेणाऱ्या कुटुंबांनी हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

औषधे सुरू झाली म्हणून तक्ता, फेरी आणि भेटीगाठी बंद होत नाहीत. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि त्या मधल्या काळात तोंड कोरडे पडणे, मळमळ, गुंगी असे त्रास आधी जाणवतात. पुष्कळ लोक गोळ्या सोडतात ते याच टप्प्यावर. घरच्यांनी हे आधीच माहीत करून घेतले, गोळीच्या वेळेला पाणी हातात दिले, सकाळी सोबत बाहेर काढले आणि त्रास झाला तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना फोन केला, तर उपचार पुढे चालू राहतात. बरे वाटू लागल्यावरही सहसा किमान सहा महिने औषध चालू ठेवावे लागते, आणि थांबवताना डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू उतरवावी लागते.